कोलारचा सुवर्णपट्टा : शोध, हक्क आणि खाण

सोने पृथ्वीच्या कवचात सर्वत्र विखुरलेले आहे. परंतु खणून काढण्याजोगे सोने मात्र फारच थोड्या ठिकाणी सापडते. सर्वसामान्य खडकात त्याचे प्रमाण टनामागे काही सहस्रांश ग्रॅम एवढेच असते. खाण चालवणे परवडावे यासाठी ते टनामागे काही ग्रॅम, म्हणजे जवळजवळ हजारपट, झालेले असावे लागते. निसर्गाने हे काम जेथे केले आहे अशा जागा एकेकट्या आढळत नाहीत. खडकांच्या लांब व अरुंद पट्ट्यांत त्या बहुधा ओळीने असतात. म्हणूनच एखाद्या पट्ट्यात एक चांगली खाण निघाली, की तिच्या दोन्ही अंगांच्या जमिनीवर हक्क मागणाऱ्यांची रीघ लागते. या हक्कांपैकी फारच थोड्यांचे पुढे खाणीत रूपांतर होते. बाकीचे कागदावरच राहतात, आणि त्यांत गुंतवलेला पैसा व श्रम वाया जातात. हा फरक कशामुळे पडतो, हे समजून घेण्यास कर्नाटकातील कोलारच्या पट्ट्यासारखे दुसरे उदाहरण भारतात नाही.

पट्ट्याची घडण

बंगळूरच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरांवर हा पट्टा लागतो. उत्तर-दक्षिण पसरलेल्या या पट्ट्याची लांबी सुमारे ८० किलोमीटर आहे. रुंदी मात्र चार-सहा किलोमीटरच आहे. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटसारखे फिकट रंगाचे खडक असून त्यांच्या मधोमध हा काळपट हिरव्या खडकांचा पट्टा दाबून बसवल्यासारखा दिसतो. हे काळे खडक मुळात समुद्रतळावर पसरलेला लाव्हा होत. सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वी ते घडले आणि पुढे प्रचंड दाब व उष्णता यांमुळे त्यांचे स्वरूप पालटले. या उलथापालथीत खडकांना ज्या भेगा पडल्या त्यांतून खोलवरचे तप्त पाणी वर चढले. त्या पाण्यात सिलिका विरघळलेली होती आणि तिच्यासोबत अत्यल्प सोनेही होते. दाब व तापमान उतरताच गारगोटीच्या दगडाने भेगा भरून गेल्या आणि त्यातच सोने अडकून राहिले. गारगोटीच्या अशा भरावालाच शीर म्हणतात.

तथापि प्रत्येक शिरेत सोने असते असे नाही, आणि सोन्याच्या शिरेतही ते सारखे पसरलेले नसते. समृद्ध भाग ठिपक्याठिपक्यांनी किंवा तिरप्या खांबांसारखे खाली उतरत जातात. त्यांच्यामधील गारगोटी जवळजवळ निःसत्त्व असते. एकाच शिरेवर एकमेकांपासून शंभर मीटरांवर पाडलेल्या दोन विहिरींपैकी एक मालकाला श्रीमंत करते आणि दुसरी बुडवते, ती याच कारणाने.

जुन्या लोकांची साक्ष

दक्षिण भारतात सोन्याचा शोध आधुनिक कंपन्यांनी लावला असा समज असल्यास तो चुकीचा आहे. कोलार येथे, तसेच रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथे, प्राचीन खाणकामाचे असंख्य खड्डे आढळले. हट्टी येथील जुन्या कामात सापडलेल्या लाकडाचे वय किरणोत्सर्गी कार्बनाच्या पद्धतीने मोजले असता ते सुमारे दोन हजार वर्षांचे भरले. ते खणणारे लोक खडकाला आग लावून तो तापवीत, त्यावर पाणी ओतून तो फोडीत आणि दगडी पाट्यांवर तो वाटून पाण्याने धूत. पोलादी यंत्रे व सुरुंग नसताना ते हट्टी येथे दीडशे मीटरांहूनही अधिक खोल उतरले होते. जुन्या खड्ड्यांचा माग काढता काढता कधी इतिहासही हाती लागला. हट्टीजवळील मस्की येथील सम्राट अशोकाचा प्रसिद्ध शिलालेख १९१५ मध्ये उजेडात आणला, तो सोन्याचा शोध घेत फिरणाऱ्या बीडन नावाच्या एका अभियंत्याने.

कोलारकडे इंग्रजांचे लक्ष वेधले ते १८०२ मध्ये. म्हैसूर राज्याच्या सीमेची मोजणी करीत असता जॉन वॉरेन या लष्करी अधिकाऱ्याच्या कानावर आले, की उरिगम व मारिकुप्पम या गावांच्या परिसरात लोक माती धुऊन सोने काढतात. त्याने बक्षीस जाहीर केले. तेव्हा ग्रामस्थांनी गाडीभर माती आणली आणि त्याच्या समक्ष ती धुऊन सोन्याचे कण दाखवले. पट्ट्याचा पहिला लेखी पुरावा अशा रीतीने गावकऱ्यांच्या ज्ञानावर उभा राहिला, ही गोष्ट पुढील इतिहास वाचताना लक्षात ठेवण्याजोगी आहे.

एका माणसाचा परवाना

वॉरेनच्या वृत्तांतानंतर अनेकांनी प्रयत्न केले, परंतु हाती फारसे आले नाही, अपघातही झाले. १८७१ च्या सुमारास मायकेल फिट्झजेराल्ड लाव्हेल या निवृत्त सैनिकाने तो जुना वृत्तांत वाचला. न्यूझीलंडमधील युद्धात भाग घेतल्यावर तो बंगळूरला येऊन राहिला होता. सोन्याच्या शोधाचे वेड त्याने तिकडूनच आणले होते. बैलगाडीने प्रवास करून त्याने कोलारचा परिसर पाहिला आणि १८७३ मध्ये म्हैसूर सरकारकडे शोधाचा हक्क मागितला. १८७५ मध्ये त्याला वीस वर्षांसाठी परवाना मिळाला.

येथे या विषयातील पहिला धडा आहे. परवाना म्हणजे सोने नव्हे. तो शोध घेण्याचा अधिकार असतो. शोधास भांडवल लागते, आणि लाव्हेलजवळ ते नव्हते. उरिगमजवळ त्याने विहीर पाडली. परंतु कठीण खडक, पाण्याचा उपसा आणि यंत्रसामग्री यांचा खर्च एकट्याच्या आवाक्याबाहेरचा होता. दोन वर्षांतच त्याने आपला हक्क सरकारच्या संमतीने मद्रासकडील काही लष्करी अधिकाऱ्यांच्या गटाकडे सोपवला. या गटाने पट्ट्याचे भाग पाडून ते लंडनमध्ये स्थापन होणाऱ्या कंपन्यांना देण्यास सुरुवात केली. बंगळूरमधील एका रस्त्याला लाव्हेलचे नाव आहे. पट्ट्यातील संपत्ती मात्र इतरांच्या हाती गेली.

हक्कांचा बाजार

याच सुमारास दक्षिणेत सोन्याची मोठी लाट आली. तिचे केंद्र कोलार नव्हते, तर नीलगिरीलगतचा वायनाडचा डोंगराळ प्रदेश होता. १८७९ ते १८८१ या काळात वायनाडातील सोन्यासाठी लंडनमध्ये डझनावारी कंपन्या निघाल्या. ऑस्ट्रेलियातून आलेल्या ब्रॉ स्मिथ या तज्ज्ञाच्या अनुकूल अहवालाने उत्साहाला आणखी भर आला. कॉफीच्या मळ्यांच्या जमिनी खाणीच्या जमिनी म्हणून विकल्या गेल्या आणि खडक नीट तपासण्यापूर्वीच तो भरडणारी यंत्रे डोंगरावर चढवण्यात आली. काही वर्षांतच बहुतेक कंपन्या बुडाल्या.

या फसगतीचे कारण केवळ लबाडी नव्हते. शीर जेथे भूपृष्ठावर उघडी पडते तेथे ऊन-पावसाने खडक झिजतो आणि त्याचे विद्राव्य भाग वाहून जातात. जड व अविद्राव्य सोने मात्र मागे उरते. त्यामुळे माथ्यावरचा दगड खालच्या दगडापेक्षा श्रीमंत दिसतो. त्यातच सोने दिसणारा तुकडा उचलण्याकडे माणसाचा स्वाभाविक कल असतो. अशा वेचलेल्या नमुन्यांवरून संपूर्ण शिरेचा अंदाज बांधणे म्हणजे पोत्याच्या तोंडाशी ठेवलेले चांगले दाणे पाहून सारे पोते विकत घेण्यासारखे होय.

खोलीचा प्रश्न

कोलारच्या कंपन्याही या मंदीत सापडल्या. १८८० मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूर कंपनीचे भांडवल १८८३ पर्यंत संपत आले. उरलेला पैसा वाटून घेऊन काम बंद करावे, असे अनेक भागधारकांचे मत होते. व्यवस्थापन पाहणाऱ्या जॉन टेलर यांच्या पेढीने शेवटचा प्रयत्न करण्याचा आग्रह धरला. प्लमर या खाणतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो प्रयत्न जुन्या लोकांच्या खड्ड्यांखाली करण्यात आला.

या निर्णयामागील तर्क समजून घेण्याजोगा आहे. प्राचीन खाणकरी जेथे थांबले तेथे सोने संपले होते, असे मानण्याचे कारण नव्हते. पाणी उपसणे अशक्य झाल्यामुळेही ते थांबले असतील. तसे असल्यास शीर खाली चालूच असली पाहिजे. खोदकाम जुन्या कामाच्या तळाखाली पोहोचले तेव्हा हा तर्क खरा ठरला. जी शीर सापडली ती पुढे चॅम्पियन या नावाने विख्यात झाली. तिची जाडी सरासरी मीटरभरच होती. परंतु कित्येक किलोमीटर लांब पसरलेली ही शीर खाली खाली जातच राहिली.

त्यानंतर पट्ट्याचे रूप पालटले. दक्षिणेकडून उत्तरेकडे म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरिगम व नंदिदुर्ग अशा खाणी एकाच शिरेवर ओळीने उभ्या राहिल्या. १९०२ मध्ये कावेरीवरील शिवसमुद्रम् येथून सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या तारांवरून वीज आणण्यात आली. १९०५ च्या सुमारास वार्षिक उत्पादन १९ टनांच्या घरात गेले. पुढे चॅम्पियन रीफ खाण ३ किलोमीटरांहून खोल झाली आणि जगातील सर्वांत खोल खाणींत गणली गेली. याच पट्ट्यावर आणखी कितीतरी कंपन्यांनी हक्क घेतले होते. त्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला शीर आली तरी तिचा समृद्ध भाग आला नाही.

सीमा वर, सोने खाली

पट्ट्यावरील हक्कांबाबत आणखी एक अडचण असते. हद्दीचे दगड जमिनीवर रोवले जातात, पण शीर जमिनीखाली तिरपी उतरते. आपल्या हद्दीत सुरू झालेली शीर काही अंतर खाली गेल्यावर शेजाऱ्याच्या हद्दीत शिरली, तर ती कोणाची? अमेरिकेच्या १८७२ च्या कायद्याने शिरेचा माथा ज्याच्या जमिनीत असेल त्याला ती बाजूच्या सीमेपलीकडेही खणत जाण्याचा अधिकार दिला. त्यातून न्यायालयीन झगड्यांचे पीक आले. भारतातील खाणपट्ट्यांची सीमा भूपृष्ठावरील रेषेतून सरळ खाली उतरते असे मानले जाते. हा नियम सोपा आहे. परंतु त्यामुळे पट्टा मागणाऱ्याला शिरेचा उतार आधीच ओळखावा लागतो.

म्हणूनच शोधाचे काम पायरीपायरीने केले जाते. प्रथम खडकांचा नकाशा तयार होतो आणि ओढ्यांतील गाळ व माती यांचे नमुने तपासले जातात. त्यानंतर शीर आडवी छेदणारे चर खणून ठरावीक अंतरावर, न निवडता, नमुने घेतात. मग यंत्राने भोके पाडून खोलवरच्या खडकाचे दंडगोल बाहेर काढतात. प्रत्येक नमुन्यातील सोने प्रयोगशाळेत मोजले जाते. टनामागे ५ ग्रॅम सोने असलेला खडक चांगला मानला जातो. तरीही १० ग्रॅमच्या दागिन्यासाठी त्याचे किमान दोन टन फोडावे लागतात. मोजमापाची ही शिस्त पाळली गेली तरच हक्काच्या कागदाला किंमत येते.

हक्क कोणाचा?

म्हैसूर राज्याने भूगर्भातील खनिजांवरील आपली मालकी सोडली नाही. कंपन्यांना मुदतीचे पट्टे मिळत आणि राज्याला उत्पादनावर शेकडा ५ या दराने स्वामित्वधन मिळे. हद्दीतील सोनेरी दगड वा गाळ बाळगणाऱ्याला त्याचा खुलासा करता आला नाही, तर तो पुढे गुन्हा ठरू लागला. माती धुऊन सोने दाखवणाऱ्यांच्याच गावांत माती बाळगणे संशयास्पद झाले. खोल, तप्त व स्फोटाप्रमाणे अकस्मात फुटणाऱ्या खडकांत काम करणारे मजूर बहुतांशी तमिळ प्रदेशातून आलेले गरीब लोक होते. चोरीचा संशय त्यांच्यावरही सतत असे. बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याच्या सक्तीविरुद्ध त्यांनी १९३० मध्ये मोठा संप केला.

१९५६ मध्ये म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्र सरकारकडे आल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली. देशातील खनिजविषयक हक्क १९५७ च्या कायद्यानुसार दिले जातात. पूर्वी अर्ज प्रथम करणाऱ्याला प्राधान्य असे; २०१५ च्या दुरुस्तीने लिलाव आला. २०२३ च्या दुरुस्तीने सोन्यासारख्या खोलवरच्या खनिजांच्या केवळ शोधासाठी स्वतंत्र परवान्याची सोय केली. शोध घेणारा आणि खाण चालवणारा हे निरनिराळे असू शकतात, ही लाव्हेलच्या अनुभवाने दाखवलेली गोष्ट त्यामुळे कायद्यातही आली.

पट्ट्याचा शेवट

खाण जसजशी खोल जाते तसतसा प्रत्येक टनाचा खर्च वाढतो. कोलारमध्ये त्याच वेळी खडकातील सोनेही घटत गेले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी कोलारच्या खाणी बंद झाल्या. एकशेवीस वर्षांत तेथून सुमारे ८०० टन सोने निघाले होते. मागे राहिले ते कामगारांच्या वस्त्या, पाण्याने भरत गेलेली भुयारे आणि भरडलेल्या खडकाच्या तीन कोटी टनांहून मोठ्या टेकड्या. सायनाइडच्या प्रक्रियेतून गेलेली ही भुकटी वाऱ्याबरोबर घरांत शिरते. तिच्यात अजून थोडे सोने आहे, म्हणून तिच्यावरही हक्क सांगितले जातात.

कोलारचा पट्टा यशस्वी झाला तो तेथे हक्क पुष्कळ मागितले गेले म्हणून नव्हे. खड्डा कोठे थांबला आणि का थांबला, हा प्रश्न तेथे वेळेवर विचारला गेला, आणि त्याचे उत्तर खोदून मिळवण्याइतका धीर दाखवला गेला. वायनाडात ही कसोटी झाली नाही. परंतु कसोटीला उतरलेली शीरही एक दिवस संपतेच. ती चालू असतानाच तिच्यावर जगणाऱ्या माणसांसाठी पुढची तजवीज झाली नाही, तर हक्काच्या कागदाची मुदत संपल्यावर त्यांच्या वाट्याला केवळ भुकटीच्या टेकड्या उरतात. कोलारच्या इतिहासातील हा भाग त्याच्या सोन्याइतकाच मोलाचा आहे.