पेठेत घर घ्यायचंय? कोल्हापूरच्या मध्यवस्तीतल्या खरेदीचा पुरता हिशेब

कोल्हापुरात महापालिका 1972 मध्ये आली, पण हद्दवाढीचा प्रश्न पुढे दशकानुदशकं रेंगाळला. शहर वाढलं ते पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव अशा भोवतालच्या गावांत. घर बघायला निघालं की एजंट आधी तिकडेच नेतो. नवी इमारत, मोकळी हवा, खाली पार्किंग. तरी ज्यांचं दुकान लक्ष्मीपुरीत आहे, मुलांची शाळा गावात आहे, आई-वडिलांना सीपीआर रुग्णालयात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे रिक्षाने दहा मिनिटांत पोचायला हवं, त्यांचं मन शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, राजारामपुरी यांच्याकडे ओढ घेतं. ही ओढ व्यवहाराला धरून आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कपिलतीर्थ मार्केटमधून चालत भाजी आणता येते, हाकेला तालमीची पोरं धावून येतात आणि दुसरी गाडी घ्यावी लागत नाही. फक्त पेठेतल्या घराची किंमत एजंट सांगतो तिथे संपत नाही. ती कागदात, पाण्यात आणि गल्लीच्या रुंदीतही असते.

आधी सरळ खर्च पाहू. हिशेबासाठी 40 लाखांचा जुना, तयार फ्लॅट धरा. कोल्हापूर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 5 टक्के आणि त्यावर स्थानिक संस्थेचा 1 टक्का अधिभार, म्हणजे 2 लाख 40 हजार. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30 हजार, त्यामुळे इथे 30 हजारच. दलाली 1 ते 2 टक्के मागतात. ती तोंडी न ठेवता आधी ठरवा आणि कशाबद्दल देतोय तेही ठरवा. गृहनिर्माण सोसायटी असेल तर हस्तांतरणाचा प्रीमियम महापालिका क्षेत्रात 25 हजारांच्या वर घेता येत नाही. ‘इमारत निधी’ किंवा ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून जास्त मागितले तर लेखी पत्र मागा. वकिलाची शोध फी, दस्तलेखन, बँकेची प्रक्रिया फी, मूल्यांकन आणि पानांच्या हिशेबाने होणारी दस्त हाताळणी मिळून 40-50 हजार बाजूला ठेवा. ही बेरीज पावणेचार लाखांच्या पुढे जाते, रंगाचा एक डबाही आणण्याआधी.

मुद्रांक शुल्क तुम्ही लिहिलेल्या किमतीवरच लागेल असं नाही. करारातली किंमत आणि रेडी रेकनर, म्हणजे वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे येणारी किंमत, यांतल्या मोठ्या रकमेवर ते लागतं. व्यवहार 40 लाखांचा आणि तक्त्याप्रमाणे किंमत 43 लाख निघाली तर शुल्क 43 लाखांवर, म्हणजे 2 लाख 58 हजार. हा दर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सर्व्हे नंबर टाकून पाहता येतो. दर साधारणपणे एप्रिलमध्ये बदलतात, त्यामुळे मार्चअखेरीस सौदा होत असेल तर नोंदणी 31 मार्चच्या आत करायची का, हे वकिलाला विचारा. इमारत जुनी असेल तर बांधकामाच्या वयाप्रमाणे घसारा धरला जातो. मूल्यांकन करून घेताना वय बरोबर नोंदवलंय का हे स्वतः पाहा, कारण तिथे झालेली चूक तुमच्या खिशातून जाते.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर राहत्या घरासाठी मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. ती एप्रिल 2021 पासून लागू आहे आणि ते घर 15 वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही जुनी अट 2023 मध्ये काढून टाकली. 40 लाखांवर ही सवलत 40 हजारांची. पती-पत्नी दोघांची नावं घातली तर मात्र ती मिळत नाही. शिवाय जुन्या करपद्धतीत व्याजाची वजावट मालकालाच मिळते. मालक पत्नी असेल आणि हप्ता पती फेडत असेल तर ती वजावट पतीला घेता येणार नाही. पत्नीच्या नावावर घर ही मला मनापासून चांगली गोष्ट वाटते, पण आकडे दोघांनी एकत्र बसून मांडावेत.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेत असाल तर जीएसटी आलाच. चटई क्षेत्र 90 चौरस मीटरपर्यंत आणि एकूण किंमत 45 लाखांच्या आत असेल तर 1 टक्का, नाहीतर 5 टक्के. या रेषेजवळच्या फ्लॅटवर बारीक नजर ठेवा. 44 लाखांच्या फ्लॅटला पार्किंग, वीजजोडणी आणि ‘विकास शुल्क’ जोडून बिल्डर 46 लाखांवर गेला तर 44 हजारांचा कर एकदम 2 लाख 30 हजारांवर जातो. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर जीएसटी नाही. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठांपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प महारेरामध्ये नोंदवावाच लागतो. पेठेत मात्र लहान प्लॉटवर सहा-सात फ्लॅटच्या इमारती खूप आहेत आणि त्या या चौकटीत बसत नाहीत. तिथे मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतःच मागून घ्यावं लागतं.

भाव कोणत्या क्षेत्रफळावर सांगितला तेही विचारा. ‘सेलेबल 900 फूट’ म्हटलं आणि त्यावर 35 टक्के लोडिंग असलं तर पायाखाली साधारण 667 फूटच येतात. 40 लाखांना तो फ्लॅट बिल्डरच्या तोंडी 4,450 रुपये फूट असतो, खरा मात्र 6,000 रुपये फूट पडतो. मीटर टेप घेऊन जा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. जुन्या पेठेतल्या इमारतीत भिंती जाड असतात, तिथे हा फरक आणखी बोचतो.

कर्जाबद्दल थोडक्यात. 30 लाखांच्या आतल्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांपर्यंतच्या कर्जाला 80 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते आणि मुद्रांक-नोंदणी त्यात धरत नाहीत. 40 लाखांच्या घराला 32 लाख कर्ज मिळालं तर स्वतःचे 8 लाख आणि वरचा खर्च मिळून 12 लाख हाताशी हवेत. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी हप्ता सुमारे 27,770 बसतो आणि परतफेड एकूण 66 लाख 65 हजारांच्या आसपास जाते. हेच कर्ज 15 वर्षांत फेडलं तर हप्ता सुमारे 31,500. महिन्याला पावणेचार हजार जास्त भरून जवळजवळ 10 लाख वाचतात. बदलत्या व्याजदराच्या कर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड बँका वैयक्तिक ग्राहकाला लावू शकत नाहीत, तेव्हा बोनसची रक्कम इकडे वळवा.

आता कागद. पेठेतल्या खरेदीत खरी जोखीम इथेच असते.

पेठेतली जागा सात-बाऱ्यावर नसते. ती नगर भूमापनाच्या मालमत्ता पत्रकावर असते. हा उतारा हातात घेतला की त्यात सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर), क्षेत्र, ‘सत्ता प्रकार’ आणि धारकांची नावं दिसतील. सत्ता प्रकारात ‘ब’ असेल तर थांबा. अशा जागेवर सरकारी अटी असतात, विक्रीला परवानगी आणि नजराणा लागू शकतो आणि बँक कर्जाला हात आखडता घेते. धारकांच्या रकान्यात जुन्या फेरफाराची नावं एकाखाली एक चढलेली दिसतात: आजोबा, त्यांचे तीन मुलगे, मग त्यांच्या मुलांची नावं. बहिणींची नावं पुष्कळदा गाळलेली असतात. नोंद नाही म्हणून हक्क नाही, असं होत नाही. 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मतःच आहे हे पक्कं केलं. ‘आमच्या बहिणी काही मागणार नाहीत’ हे विकणाऱ्याचं वाक्य कितीही खरं वाटलं, तरी प्रत्येक बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा खरेदीखतावर सही असल्याशिवाय एक रुपयाही पुढे करू नका. ती सही तिचा मान आहे आणि तुमचं संरक्षणही.

एखादा वारस अमेरिकेत किंवा आखातात असेल तर त्याचं मुखत्यारपत्र तिथून रीतसर प्रमाणित होऊन यावं लागतं आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत त्याला मुद्रांक लावावा लागतो. त्याच्या वाट्याच्या रकमेवर अनिवासी विक्रेत्याचा कर कापण्याची जबाबदारी तुमची असते आणि ती रक्कम नेहमीच्या 1 टक्क्यापेक्षा पुष्कळ मोठी असते. निवासी विक्रेत्याला मात्र व्यवहार 50 लाख किंवा त्याहून अधिक असेल तरच 1 टक्का कापायचा असतो.

वाड्याचा एक भाग स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांसाठी माझा सल्ला कडक आहे: वाटणीपत्र नोंदवलेलं नसेल आणि आत भाडेकरू असेल तर घेऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखालचा भाडेकरू सहजी जागा सोडत नाही. सामाईक जिना, सामाईक संडास आणि सामाईक विहिरीची वहिवाट यावरचे दावे पुढच्या पिढीला फेडत बसावे लागतात. घरफाळ्याची पावती विकणाऱ्याच्या नावावर आहे, हा मालकीचा पुरावा नाही. महापालिका तिच्या वसुलीसाठी नाव लावते, एवढाच त्याचा अर्थ. वकिलाकडून किमान 30 वर्षांचा शोध घ्या आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. या दोन्हींचा खर्च 40 लाखांपुढे नगण्य आहे.

वकिलाकडे काम द्याल त्याच दिवशी नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखलाही काढा. गल्ली रुंदीकरणात किती फूट जातात, अंबाबाई मंदिर परिसराच्या आराखड्यात जागा येते का, पुढे इमारत पाडून बांधली तर काय उभं राहील, हे त्यावरून कळतं. नऊ फुटी बोळातल्या जागेला पुनर्बांधणीत फारसं बांधकाम मिळत नाही, आणि फायर ब्रिगेडची गाडीही आत शिरत नाही. इमारत 30 वर्षांपेक्षा जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल सोसायटीकडे मागा. नसेल तर स्वतःचा इंजिनिअर नेऊन गच्चीखालचा स्लॅब, संडासाच्या भिंतीची ओल आणि खांबांवरच्या उभ्या चिरा दाखवा.

संचकार, म्हणजे विसार, करताना रक्कम लहान ठेवा आणि ती चेकने किंवा ऑनलाइन द्या. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख घेणाऱ्यावर तेवढाच दंड बसू शकतो. ‘थोडे काळे, थोडे पांढरे’ असा प्रस्ताव आला तर उठून या. संचकारपत्रात एक अट नक्की घाला: हक्कात दोष निघाला किंवा कर्ज नामंजूर झालं तर पूर्ण रक्कम ठरलेल्या दिवसांत परत. रेरात नोंदलेल्या प्रकल्पात तर नोंदणीकृत कराराआधी बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेताच येत नाही.

पाण्याचा हिशेब कोल्हापुरात टाळता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी नदी 55 फुटांच्या पुढे गेली. शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कचा काही भाग पाण्याखाली होता. त्यामुळे शुक्रवार पेठ किंवा उत्तरेश्वर पेठेच्या नदीकडच्या अंगाला घर बघताना निळी आणि लाल पूररेषा नकाशावर तपासाच, पण शेजारच्या दुकानदारालाही विचारा: 2019 ला पाणी कुठवर आलं होतं? लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. मग खाली उतरून मीटर बोर्ड त्या हाताच्या वर आहे की खाली ते पाहा. लिफ्टचं यंत्र, पाण्याची मोटर आणि जनरेटर कुठे आहेत तेही बघा. तुमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी मीटर बुडाले की दहा दिवस वीज नाही, आणि वीज नाही म्हणजे टाकीत पाणी नाही.

महिन्याचा खर्च वेगळा मांडा. घरफाळा, पाणीपट्टी, सोसायटीची वर्गणी आणि लिफ्टची देखभाल धरा. चारचाकीसाठी जागा नसेल तर बाहेर भाड्याने घ्यावी लागणारी पार्किंगही त्यातच. उघड्या जागेचं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही. विकत दिल्यासारखी पावती दाखवली तर तिला किंमत देऊ नका. नवरात्रात मंदिराभोवतीचे रस्ते वाहनांना बंद होतात आणि शनिवार-रविवारी भाविकांच्या गाड्या गल्लीत लागतात, त्यामुळे जागा रविवारी दुपारी एकदा पाहा.

शक्य असेल तर आधी त्याच पेठेत 11 महिने भाड्याने राहा, आणि त्यात पावसाळा येईल असं पाहा. भाडेकरारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आणि शहरात नोंदणी फी 1,000 रुपये, एवढाच खर्च. चुकीच्या घराच्या तुलनेत तो काहीच नाही.

खरेदीखत झाल्यावर काम संपत नाही. कर्ज घेतलं असेल तर गहाणाची सूचना 30 दिवसांत निबंधकाकडे दाखल झाली का, हे बँकेला विचारा. नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा अर्ज द्या आणि मालमत्ता पत्रकावर स्वतःचं नाव चढलेलं पाहीपर्यंत पाठपुरावा करा. घरफाळा, नळजोडणी आणि महावितरणचं मीटर आपल्या नावावर करून घ्या, मागची थकबाकी शून्य असल्याचे दाखले विक्रेत्याकडून घेऊनच. आणि ‘भारत गृह रक्षा’ ही ठरीव नमुन्याची विमा पॉलिसी घ्या. एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्या ती देतात. तिच्यात पूर येतो आणि घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर न धरता तेवढं बांधकाम पुन्हा उभं करायला जो खर्च येईल त्यावर धरा.