सर्वांच्या डोळ्यांपुढें उघडलेला ग्रंथ

(उपदेशक व मंडळीचे पंच यांच्याकरितां एक पाठ)

शास्त्रपाठ : नहेम्या ८:१–८



एज्रा शास्त्री यानें पाणीवेशीपुढील चौकांत नियमशास्त्राचा ग्रंथ उघडला, तेव्हां तो त्या कामासाठींच केलेल्या लांकडी मंचावर उभा होता. तो सर्वांहून उंच असल्यामुळें ग्रंथ उघडतांना सर्व लोकांनीं पाहिला. लोक आपापल्या जागीं उभे असतां लेव्यांनीं त्यांस अर्थ समजावून दिला. ऐकणारांत पुरुष होते, स्त्रिया होत्या, व ज्यांस समजण्याची शक्ति होती ते सर्व होते. यावरून दोन गोष्टी निघतात : वचन सर्वांस दिसावें, आणि तें सर्वांस समजावें.

आपल्या कित्येक लहान मंदिरांत खांबांआड बसणाऱ्या म्हाताऱ्या भगिनींस वेदी दिसत नाहीं. नाताळाच्या दिवशीं तर निम्मे लोक पडवींत बसतात. आपल्यांतील पुष्कळांच्या आजेपणजांस देवळाच्या दाराबाहेरच उभें राहावें लागत असे. म्हणून आपल्या उपासनेंत कोणी ‘बाहेरचा’ राहूं नये, ही काळजी आपणांस अधिक असली पाहिजे. दोनतीन पडदे लावून गीत, शास्त्रपाठ व वेदीवरील विधि सर्वांपुढें नेतां येतात. परंतु देणगीचा पैसा गरिबांच्या घामाचा आहे. तो विचारानें खर्चावा.

१. प्रथम मोजमाप. एक मंदिर ६० फूट लांब आहे असें धरूं. मधल्या दोन खांबांवर एक एक व पडवींत एक, असे तीन टीव्ही पुरतात. मधल्या टीव्हीपासून शेवटची रांग ३० फुटांवर येईल. सहज वाचतां यावें म्हणून दर १० फुटांस अक्षराची उंची १ इंच असावी, असा चांगला ठोकताळा आहे. म्हणजे येथें ३ इंच. ४३ इंची टीव्हीचा पडदा सुमारें २१ इंच उंच असतो. वेलांट्या व उकार यांस जागा सोडली म्हणजे त्यावर चारच ओळी बसतात. तेव्हां एका वेळीं चार ओळी दाखवाव्या. सबंध गीत एकदम कोंबूं नये.

२. चित्र कसें वांटावें. लॅपटॉपमधून एचडीएमआय केबलनें चित्र निघतें. एकाचीं अनेक चित्रें करणाऱ्या लहान पेटीस स्प्लिटर म्हणतात. विकत घेतांना नांव नीट पाहावें, कारण त्याच्यासारखाच दिसणारा स्विच उलट काम करितो : तो अनेकांतून एक निवडितो. आपणांस एक आंत व चार बाहेर असा, स्वतंत्र वीज घेणारा स्प्लिटर पुरे. सर्व टीव्ही एकाच जातीचे नसतील, तर जें चित्रमान सर्वांस चालतें तेंच लॅपटॉपवर ठरवावें. नाहीं तर एखादा पडदा काळा राहतो. लॅपटॉपवर ‘डुप्लिकेट’ न ठेवितां ‘एक्स्टेंड’ ठेवावें, म्हणजे चालविणाऱ्याची शोधाशोध मंडळीपुढें येत नाहीं.

३. तारेची लांबी. अंतर हवेंतून मोजूं नये. तार भिंतीवरून चढते, आढ्याजवळून जाते, पुन्हां खालीं येते. ती वाट मोजावी. साधी एचडीएमआय केबल सुमारें १० मीटरपर्यंत भरंवशाची असते. पुढें चित्र लुकलुकतें किंवा एकदम नाहींसें होतें. पडवीसारख्या दूरच्या पडद्यासाठीं एक्स्टेंडरची जोडी घ्यावी : एक पेटी स्प्लिटरजवळ, दुसरी टीव्हीजवळ, आणि मध्यें शुद्ध तांब्याची कॅट-६ तार. तांब्याचा नुसता मुलामा असलेली स्वस्त तार येथें दगा देते. बिनतारी साधनें सोपीं दिसतात, पण त्यांचें चित्र मागें पडतें. गाणें पुढें आणि शब्द मागें, असें झाल्यास मंडळीचा सूर मोडतो.

४. आवाज. मंदिरांतील टीव्हींचा आवाज बंद करावा व मुख्य स्पीकरचाच ठेवावा. अनेक ठिकाणांहून मागेंपुढें आवाज आला म्हणजे उपदेश कळत नाहीं. पडवींत मुख्य आवाज पोंचत नसेल तरच तेथें लहान स्पीकर ठेवावा. कॅमेऱ्यानें वेदी दाखवितांना टीव्हीवर ‘गेम मोड’ लावावा; त्यानें चित्राचा उशीर कमी होतो.

५. वीज. दर टीव्हीस १०० वॅट धरिले तर तिहींस ३००. लॅपटॉप व पेट्या मिळून ४०० होतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरींत १,८०० वॅट-तास असतात. हिशोबानें साडेचार तास येतात, परंतु वाया जाणारी वीज व बॅटरी पूर्ण न उतरविण्याचा नियम लक्षांत घेतां अडीच ते तीन तास धरावे. दिवे, पंखे व स्पीकर यांचा भार निराळा. अर्थिंग जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावें, आणि तारा मुलांच्या पायांत येऊं देऊं नयेत.

६. अक्षरें. मराठी मजकूर युनिकोडमध्येंच लिहावा. जुन्या फाँटमध्यें लिहिलेलें गीत दुसऱ्या लॅपटॉपवर उघडलें कीं अक्षरांचा चुराडा होतो. काळ्या पृष्ठभागावर पांढरीं ठळक अक्षरें असावीं. मागें फुलांचीं चित्रें नकोत. सर्व गीतें शनिवारीं सायंकाळीं एकदां चालवून, शेवटच्या रांगेंत स्वतः बसून वाचून पाहावीं.

इतकें केलें तरी अर्धेंच काम झालें. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस पडदा मुका आहे. त्यांच्यासाठीं पुढाऱ्यानें ओळ आधीं म्हणून मग गाण्याची जुनी रीत सोडूं नये, आणि शास्त्रपाठ स्पष्ट वाचून त्याचा अर्थ सांगावा. एज्राच्या दिवशीं मंच लांकडाचा होता, पण अर्थ सांगणारे लेवी माणसें होतीं. प्रार्थनेच्या वेळीं पडदे काळे करावे. गीतपुस्तकें बांकांवर राहूं द्यावीं. वीज गेली म्हणून स्तुति थांबूं नये. आणि मंडळीवर कर्ज करून तीन पडदे लावण्यापेक्षां, यंदा पडवींत एक लावून जे बाहेर बसतात त्यांस आधीं आंत घ्यावें, हें बरें.

चर्चेसाठीं प्रश्न

१. आपल्या मंदिरांत कोणत्या जागेवरून वेदी दिसत नाहीं? तेथें नेहमीं कोण बसतें?
२. लेव्यांचें काम आपल्या मंडळींत आज कोण करितो?
३. आपल्या मंडळीस पडद्याची खरी गरज आहे कीं शेजारच्या मंडळीची ईर्ष्या आहे, हें कसें ओळखावें?
४. यंत्र बंद पडल्यास आपली उपासना कशी चालेल?