खरा अशोक कसा ओळखावा?

वसंत ऋतूत सह्याद्रीच्या सदाहरित रानात, ओढ्याकाठच्या गर्द सावलीत, एखादा मध्यम उंचीचा वृक्ष नारिंगी-तांबड्या गुच्छांनी फुललेला आढळतो. हे गुच्छ जुन्या फांद्यांवर, क्वचित थेट बुंध्यावरही येतात. संस्कृत वाङ्मयातील अशोक तो हाच. रामायणातील अशोकवनाच्या स्मृतीने त्यास सीताअशोक म्हणतात. सुंदर स्त्रीच्या पदाघाताने अशोक बहरतो, हा कविसंकेत कालिदासाने ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात गुंफला आहे.

तथापि अशोक म्हणताच आज अनेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो शाळा-कचेऱ्यांच्या कुंपणालगतचा उंच, निमुळता, हिरवागार वृक्ष. तो खरा अशोक नव्हे. त्याचे नाव आसुपालव असून तो सीताफळाच्या कुळातील आहे. सीताअशोकाचे शास्त्रीय नाव सराका असोका. जुन्या पुस्तकांत ते सराका इंडिका असे आढळते. हा शेंगा धरणाऱ्या कुळातील, म्हणजे चिंचेचा आप्त होय.

पानांवरून ओळख

सीताअशोकाचे पान संयुक्त असते. एका देठावर समोरासमोर पर्णिकांच्या बहुधा चार ते सहा जोड्या असतात. टोकाला एकटी पर्णिका नसते. कोवळी पालवी तांबूस, मऊ व खाली लोंबणारी असते. म्हणूनच ‘ताम्रपल्लव’ हे संस्कृत नाव त्यास शोभते. आसुपालवाचे पान साधे, लांबट, चकचकीत व नागमोडी कडांचे असते. पर्णिका की स्वतंत्र पान, असा संभ्रम पडल्यास देठाच्या बेचक्यात कळी शोधावी. कळी संपूर्ण पानाच्या बुडाशी असते, पर्णिकेच्या बुडाशी नसते. बहर नसतानाही ही खूण उपयोगी पडते.

फुलांवरून व फळांवरून ओळख

दोन्ही वृक्ष वसंताच्या सुमारास फुलत असले तरी त्यांच्या फुलांत मुळीच साम्य नाही. सीताअशोकाचे फूल सुगंधी असून प्रथम पिवळसर नारिंगी व पुढे तांबडे होते. त्यास पाकळ्या नसतात. पाकळ्यांसारखी दिसतात ती चार रंगीत निदले. त्यांतून लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. आसुपालवाची फुले फिकट हिरवी, सहा अरुंद पाकळ्यांची व चांदणीसारखी असतात. पानांत ती चटकन दिसत नाहीत. सीताअशोकास चपट्या, चिवट शेंगा येतात, तर आसुपालवास एकबीजी, लंबगोल फळांचे झुबके येतात.

ओळखीचे महत्त्व

सीताअशोकाची साल आयुर्वेदात स्त्रीरोगांवरील औषध मानली जाते. अशोकारिष्टाचा तो प्रमुख घटक आहे. सालीस मागणी मोठी आणि वृक्ष थोडे, त्यामुळे तिच्यात आसुपालवाच्या सालीची भेसळ होते. बुंध्याभोवतीची साल पूर्ण सोलल्यास झाड वाळते. १९९८ च्या मूल्यमापनानुसार आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीस धोक्यात असलेल्या वनस्पतींत स्थान दिले आहे.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. तीत केवळ ‘अशोक’ असे लिहिल्यास रस्त्याकडेचा आसुपालव आणि देवराईतील दुर्मिळ सीताअशोक एकाच नावाखाली जमा होतात. ज्यास संरक्षण हवे, तोच नोंदीतून हरवतो. यास्तव स्थानिक नावाबरोबर शास्त्रीय नाव, पानाचा प्रकार व फुलांचा रंग यांची नोंद अवश्य करावी. वृक्षारोपणासाठी रोपे घेतानाही पान संयुक्त असल्याची खात्री करून घ्यावी.

शिक्षकांनी दोन्ही वृक्षांची एकेक गळलेली डहाळी वर्गात शेजारी-शेजारी ठेवल्यास विद्यार्थ्यांस हा भेद सहज उमजेल. पुढे गावच्या रानातील अखेरचा सीताअशोक कुऱ्हाडीखाली येण्यापूर्वी त्यास नावाने ओळखणारे कोणीतरी तेथे असेल.