उसाच्या ट्रॉलीमागे

दादर-परळ भागात सांगली-साताऱ्याकडची घरे पुष्कळ. शुक्रवारी ऑफिस सुटले की गाडी काढायची आणि रातोरात गाव गाठायचे, ही आमची रीत. नोव्हेंबर ते मार्च तेवढे असे करू नका, हे मी भेटेल त्याला सांगतो. गळिताचा हंगाम असतो, आणि ऊस रात्रंदिवस रस्त्यावर असतो.

गेल्या हंगामात पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलो होतो. गाडी चुलतभाऊ चालवत होता. समोरच्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले, आणि तो ट्रक सरकताच पुढ्यात उसाची भिंत! ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, रेडियम नाही, चाकाखाली फक्त दगड. वेग कमी होता म्हणून गाडी कडेच्या मातीत उतरवता आली. मागे बसलेल्या काकूंच्या तोंडून बराच वेळ शब्द फुटेना.

ताशी 80च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. डिपरच्या उजेडात जेमतेम 40-50 मीटर दिसते. म्हणजे हातात दोन सेकंद, आणि त्यातला एक पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो. उभी ट्रॉली चालत्या ट्रॉलीपेक्षा घातक ठरते ती यामुळे.

गावी ट्रॅक्टर आहे, त्यामुळे त्या बाजूचेही माहीत आहे. "कारखाना तर इथंच हाय, कशाला पाहिजेत दिवे?" असे काका म्हणत. आता त्यांनीच भरलेल्या उसावर बांधायची रेडियमची कापडी पट्टी आणली आहे. ट्रॉलीच्या फळीवरचे रेडियम लोंबणाऱ्या उसाने झाकते, नाहीतर चिखलाने माखते. पट्टी उसावरच असली की लांबून चमकते. दिव्याची वायर ट्रॅक्टरला जोडली आहे का, हे निघताना मागे जाऊन डोळ्यांनी पाहायचे.

ब्रेकचे तर फार कमी जण मनावर घेतात. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायडल असतात, शेतात वळताना एकाच बाजूचे चाक रोखण्यासाठी. डांबरीवर चढण्याआधी ती खिटीने एकत्र जोडलीच पाहिजेत. नाहीतर घाईत एकावर पाय पडला की ट्रॅक्टर त्या बाजूला ओढला जातो, आणि मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या ढकलत असतात.

ट्रॉली बंद पडली तर शक्य तेवढी रस्त्याखाली घ्या, बरेच मागे एक माणूस बॅटरी देऊन उभा करा. निघताना चाकाखालचे दगड आठवणीने उचला. अंधारात मोटरसायकलवाले त्यांवरच आदळतात.

आणि दादरकरांनो, पहाटे चारला निघा. पेठ नाका उजेडी येतो. जोड-ट्रॉली ओलांडताना तिच्यापुढे आणखी एक ट्रॅक्टर नाही ना, हे दिसेपर्यंत मागेच राहा.