जुनी ब्रेल-पट्टी आणि नवा संगणक

अंध विद्यार्थ्यास संगणकावरील मजकूर दोन मार्गांनीं मिळतो : एक कानांवाटे व दुसरा बोटांवाटे. पडद्यावर जें उमटलें असेल तें वाचून देणाऱ्या कार्यक्रमास स्क्रीन रीडर म्हणतात. तो मजकूर बोलून दाखवितो, आणि ब्रेल-पट्टी जोडलेली असेल तर त्याच मजकुराचीं टिंबें तिच्यावर उभीं करितो. यंत्र जर बोलतें तर टिंबें हवींत कशाला, असें कोणी विचारील. ज्यानें 'दिन' व 'दीन' हे शब्द केवळ ऐकले आहेत, त्यास त्यांतील ऱ्हस्वदीर्घ कसें शिकवावें? शुद्धलेखन, गणितांतील कंस, नव्या ओळीचा आरंभ, हें सर्व बोटास जसें कळतें तसें कानास कळत नाहीं. म्हणून एखादी चालती पट्टी 'नव्या संगणकास जुळत नाहीं' एवढ्याच कारणानें कपाटांत पडून राहते, तेव्हां एका मुलाचें अक्षरज्ञानच कपाटांत पडतें, असें म्हणण्यांत मला अतिशयोक्ति वाटत नाहीं.

ही पट्टी जुनी झाली तरी सहसा निकामी होत नाहीं, याचें कारण तिच्या रचनेंत आहे. लुई ब्रेल (१८०९–१८५२) याची लिपि सहा टिंबांची. तिच्यांत ६३ आकृत्या होतात. संगणकासाठीं खालीं आणखी दोन टिंबें जोडून आठ केलीं, म्हणजे कोरी जागा धरून २५६ आकृत्या झाल्या. पट्टीच्या प्रत्येक घरांत आठ सूक्ष्म खुंट्या असतात. प्रत्येक खुंटीमागें एक विशिष्ट स्फटिकद्रव्याची पातळ पात असते. तिला सुमारें २०० व्होल्टचा, परंतु अत्यंत क्षीण प्रवाहाचा, विद्युद्दाब दिला कीं ती वांकते आणि खुंटी वर येते. चाळीस घरांच्या पट्टींत अशा ३२० पाती असतात. त्यामुळें पट्टी महाग पडते. परंतु नीट वापरली व धूळ शिरूं दिली नाहीं, तर वर्षानुवर्षें टिकते. संगणक मात्र मध्यंतरीं अनेक वेळां बदललेला असतो.

मग अडतें कोठें? बहुधा दाराशींच. जुन्या पट्ट्यांस नऊ टोकांचें सिरियल जोडणीचें तोंड असे. आजच्या बहुतेक संगणकांस तें नसतें, यूएसबीचें असतें. दोहोंच्या मध्यें रूपांतरक घालावा लागतो. तो घेतांना एक खबरदारी घ्यावी. बाजारांत दिसावयास सारख्याच, परंतु केवळ शून्य ते पांच व्होल्टच्या संकेतांवर चालणाऱ्या तारा मिळतात. त्या सुट्या विद्युन्मंडलांसाठीं असतात. जुन्या पट्टीस आरएस-२३२ या मानाचे, धन व ऋण अशा दोन्ही दाबांचे संकेत लागतात. ज्या पट्ट्या छपाई-यंत्राच्या समांतर तोंडास जोडल्या जात, त्यांची गोष्ट निराळी. यूएसबीपासून समांतर करणारे सामान्य रूपांतरक केवळ छपाई-यंत्रापुरतेच असतात. त्यांवर पैसा घालवूं नये.

रूपांतरक चांगला आहे किंवा नाहीं हें पाहण्याचा एक सोपा प्रयोग आहे. त्याच्या नऊ टोकांपैकीं २ व ३ हीं टोकें एका तारेच्या तुकड्यानें जोडावीं. एकावर माहिती येते, दुसऱ्यावरून जाते. मग संगणकावरील एखाद्या टर्मिनल कार्यक्रमांतून कांहीं अक्षरें धाडावीं. तीं जशींच्या तशीं परत आलीं म्हणजे दोष पुढें, तारेंत अथवा पट्टींत आहे. न आलीं तर पट्टीस बोल लावूं नये.

उदाहरणार्थ हँडी टेक कंपनीची ब्रेल वेव्ह ही चाळीस घरांची पट्टी घ्या. विंडोजवर एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर (याचा आरंभ ऑस्ट्रेलियांत २००६ सालीं मायकेल करन यांनीं केला) ती ओळखतो. परंतु आपोआप ओळखण्याची सोय यूएसबी व ब्लूटूथ यांपुरती आहे. सिरियल पट्टी असल्यास यादींतून तिचें नांव व पोर्टाचा क्रमांक स्वतःच निवडावा लागतो. हा क्रमांक 'डिव्हाइस मॅनेजर'मध्यें सांपडतो. रूपांतरक यूएसबीच्या दुसऱ्या तोंडांत खोवल्यास क्रमांक बदलूं शकतो. म्हणून एकच तोंड नेमून ठेवावें. वेगाची चिंता मात्र करूं नये. या पट्टीस सेकंदास १९,२०० बिट व विषम पॅरिटी लागते. तें स्क्रीन रीडर पोर्ट उघडतांना स्वतःच ठरवितो. 'डिव्हाइस मॅनेजर'मधील आंकडे बदलीत बसणें हा कालापव्यय होय. दुसरा कोणताही कार्यक्रम तेंच पोर्ट धरून बसला असेल, तर तो आधीं बंद करावा. एका पोर्टाचा ताबा एका वेळीं एकासच मिळतो.

यूएसबी असलेल्या परंतु जुन्या पट्ट्यांची अडचण ड्रायव्हरची असते. ३२ बिटांच्या विंडोजसाठीं लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजच्या गाभ्यांत चालत नाहीं, आणि २०२१ सालीं आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिटांचीच आहे. कंपनीनें नवा ड्रायव्हर दिला नसेल, तर लिनक्सवरील बीआरएलटीटीवाय या कार्यक्रमाकडे वळावें. १९९५ पासून चालत आलेल्या या कार्यक्रमास अनेक जुन्या पट्ट्यांची बोली येते.

त्याचीही एक गंमत आहे. पुष्कळ पट्ट्यांच्या पोटांत बाजारांतील सामान्य रूपांतरक-चिपच असते, आणि ती संगणकास पट्टीचें नव्हे, तर चिपचें नांव सांगते. २०२२ च्या उबुंटू २२.०४ मध्यें यामुळें मोठा गोंधळ झाला. एका ब्रेल-पट्टींतील सीएच-३४० ही चिप अनेक स्वस्त आर्डुइनो फलकांतही असे. बीआरएलटीटीवाय त्या फलकांस पट्टी समजून त्यांचें पोर्ट बळकावी. लोकांनीं तो कार्यक्रमच काढून टाकण्याचा सल्ला एकमेकांस दिला. ज्या संगणकावर अंध मनुष्य बसतो तेथें मात्र हा सल्ला पाळूं नये. तेवढ्या एका चिपेचा नियम वगळला म्हणजे पुरे.

२०१८ सालीं ब्रेल-पट्ट्यांसाठीं यूएसबीचें समान मान ठरलें. त्याप्रमाणें बनलेल्या पट्टीस निराळा ड्रायव्हर लागत नाहीं. जुन्यांस त्याचा उपयोग नाहीं.

पट्टी बोलूं लागल्यावर एक काम उरतें. एनव्हीडीएच्या ब्रेल-विभागांत मराठीचा तक्ता निवडावा. हे तक्ते लिबलुई या संग्रहांतून येतात. तक्ता इंग्रजीचा राहिल्यास मराठी मजकूर बोटांस निरर्थक लागतो, आणि पट्टी बिघडली असा समज होतो. भारती ब्रेलमध्यें 'क' म्हणजे १ व ३ हीं टिंबें. 'कि' लिहितांना ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांस आधीं दिसते, परंतु बोटांस 'क' नंतर लागते. एका ओळींत 'किती', 'कीर्ति' आणि 'दिन', 'दीन' हे शब्द लिहून मुलाचें बोट त्यांवरून फिरवावें. तक्ता बरोबर बसला आहे किंवा नाहीं तें त्यालाच सांगतां येईल.