जंतूंना मिठाची सवय होते का?



परवा पाचवीच्या वर्गात लोणार सरोवराचा फोटो दाखवत होतो, जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं तेव्हाचा. एका मुलीने विचारलं, "सर, जंतूंना मिठाची सवय होते का?" मी पटकन "हो" म्हणालो. घरी आल्यावर वाटलं, चुकलंच आपलं.

आधी मीठ काय करतं ते बघू. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं ना, तसंच गोड्या पाण्यातल्या पेशीचं होतं. आतलं पाणी बाहेर जातं, पेशी आकसते. लोणारचं पाणी मुळातच खारं. त्या उन्हाळ्यात ते आटलं आणि खारेपणा आणखी वाढला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तर त्यात हॅलोआर्किया निघाले. गुलाबी रंग त्यांचाच. पण हे सूक्ष्मजीव पहिल्यापासून मिठात राहणारे! त्यांना नवी सवय लागली नाही, फक्त त्यांचे दिवस आले.

खरी उत्क्रांती वेगळी. आपल्या नांदेड-लातूरकडे बर्फ पडत नाही, पण अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला लाखो टन मीठ टाकतात. ते वाहत तळ्यांत जातं. तिथल्या संशोधकांनी डॅफ्निया नावाचा, शेवाळ खाणारा पाण्यातला बारीक जीव खारट पाण्यात वाढवला. अडीच महिन्यांत, म्हणजे पाच-दहा पिढ्यांत, त्याची मीठ सोसायची ताकद वाढली. एकेका डॅफ्नियाने सवय केली असं नाही. ज्यांच्यात ती ताकद जन्मजात थोडी जास्त होती ते टिकले, पिल्लं त्यांचीच झाली. जिवाणूंची पिढी तर काही तासांची, कधी मिनिटांचीच, मग तिथे हे किती झपाट्याने होत असेल!

दुसऱ्या दिवशी वर्गात "काल मी चूक सांगितलं" म्हणालो आणि बोंडअळीचं उदाहरण घेतलं. २०१७ ला बीटी कपाशीवरही गुलाबी बोंडअळी आली, ते कापूसवाल्या घरातल्या पोरांना माहीतच होतं. बीटीने ज्या अळ्या मेल्या नाहीत, त्यांचीच पुढची पिढी आली. हे मात्र लगेच कळलं त्यांना.

तीच मुलगी परत म्हणाली, "मग तळ्यातले जे डॅफ्निया मेले, त्यांच्या वाटचं शेवाळ कोण खाणार?"

फारसं कोणी नाही. मग ते वाढत जाऊ शकतं, पाणी हिरवं होऊ शकतं.