उजळणी आणि जुळवणी

बारावीपर्यंत वर्गातील चाचण्या, शिकवणीतील सराव आणि घरातील विचारपूस यांमुळे विद्यार्थ्याची तयारी सतत तपासली जाते. महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात हा धाक एकाएकी नाहीसा होतो. सत्र असते जेमतेम काही महिन्यांचे. मग बारावीत उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थीही पहिल्याच परीक्षेत अडखळतो आणि ‘एवढे वाचूनही असे का झाले?’ हा प्रश्न साऱ्या घराला पडतो. शैक्षणिक कर्ज काढून पाल्याला परगावी ठेवले असेल, तर तो अधिकच बोचतो.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच अभ्यासक्रमात सापडेल. बँक जुळवणी पत्रक हा भाग त्याने शिकलेला असतो. रोख पुस्तकातील शिल्लक आणि पासबुकातील शिल्लक यांत फरक असू शकतो. तो शोधून त्याची कारणे मांडणे म्हणजे जुळवणी. अभ्यासाचेही तसेच आहे. ‘मला हे येते’ ही भावना म्हणजे स्वतः लिहिलेले रोख पुस्तक. पुस्तक मिटल्यावर प्रत्यक्ष जे आठवते, ते पासबुक. परीक्षेत चालते ती दुसरी शिल्लक.

वाचणे आणि आठवणे

रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचून उरलेल्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पहिला गट पुढे होता : ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानंतर मात्र पहिल्या गटाला ४० टक्के, तर दुसऱ्याला ६१ टक्के मजकूर आठवला. पुनर्वाचनाने ओळख वाढते, पण ओळख म्हणजे स्मरण नव्हे.

म्हणून प्रकरण संपताच पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर मुद्दे लिहावेत आणि मगच मूळ मजकुराशी ताडून पाहावे. जे सुटले, ते वेगळ्या वहीत नोंदवावे. ही वही म्हणजेच विद्यार्थ्याचे जुळवणी पत्रक. पुढील उजळणीचा आरंभ तिच्यापासून व्हावा.

आवर्ती ठेवीचा मार्ग

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. विस्मरण आरंभी वेगाने होते व नंतर मंदावते, असे त्यांना आढळले. शिवाय एकाच दिवशी केलेल्या ६८ आवृत्त्यांनी जे साधले, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधले. एकरकमी भरण्यापेक्षा येथे आवर्ती ठेवीचा मार्ग लाभदायक ठरतो. त्या दिवशी शिकलेले सायंकाळी, मग दोन-तीन दिवसांनी, आठवड्याने आणि पुन्हा तीन आठवड्यांनी आठवून पाहावे. हे वेळापत्रक सोयीने बदलता येईल. हप्ता चुकू नये, एवढेच महत्त्वाचे.

सरमिसळ सराव

एक लाख रुपयांच्या यंत्रावर दहा टक्के घसारा आकारायचा आहे. मूळ किमतीवर आकारल्यास दुसऱ्या वर्षी तो १०,००० रुपये येतो. घटत्या शिल्लक मूल्यावर आकारल्यास ९,००० रुपये. एकाच पद्धतीची दहा उदाहरणे ओळीने सोडविली, तर हात सरावतो. पण कोणते उदाहरण कोणत्या पद्धतीचे, हे ओळखण्याचा सराव होत नाही. परीक्षेत तर आधी तेच ओळखावे लागते. यास्तव निरनिराळ्या प्रकरणांतील उदाहरणे एकत्र करून, घड्याळ लावून सोडवावीत. जुन्या प्रश्नपत्रिका याच कामासाठी वापराव्यात. आदल्या रात्रीचे जागरण मात्र टाळावे. शिकलेले मनात स्थिरावण्यास झोप साहाय्यक ठरते.

पालकांनीही ‘किती वाचलेस?’ असे विचारण्याऐवजी ‘आज शिकलेले मला समजावून सांग’ असे म्हणून पाहावे. सांगताना पाल्य जेथे थांबेल, तेथेच फरक आहे, हे त्याला आपोआप कळेल. फरक परीक्षागृहात उघड होण्यापेक्षा घरच्या वहीत सापडणे केव्हाही हिताचे, कारण तेथे दुरुस्तीला अवधी असतो.